दर बुधवारी बुलढाणा

१ नोव्हेंबर, शनिवार

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत फुकट देल्ली होती. तवापासून फळीवर धूळ खात होती. आज काढली, काऊन की प्रसेनजित म्हणे, "काका, सरकारी काम सुरू होऊन राह्यलं, कोण्या तारखेले काय झालं ते लिहून ठेवत जा. तोंडी सांगतलेलं कोणी ऐकत नाही." प्रसेनजितचं आमच्या धाड गावच्या स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या पायात लहानपणापासून पोलिओ, म्हणून असले नियम त्याले तोंडपाठ.

नियम असा निघाला की जुने कागदी अपंग प्रमाणपत्र आता चालत नाहीत. सगळ्यायनं बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासून घ्यायचं. डॉक्टर टक्के काढणार. चाळीस अन् त्याच्या वर आला तं नवं कार्ड. खाली आला तं कार्ड नाही, म्हणजे महिन्याचा पगार बंद अन् एस्टीची सवलत बंद. पगार म्हणजे निराधारचं अनुदान, पण गावात त्याले पगारच म्हणतात. मुदत डिसेंबरअखेर.

माझं नाव भगवानराव, वय एकसष्ट. जवानीत मळणीयंत्रात उजवा हात गेला. सगळा नाही. मधली तीन बोटं गेली, अंगठा अन् करंगळी राह्यली, मनगट वाकत नाही. डाव्या हातानं लिहाले शिकलो, म्हणून अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. भाषा बी शाळेतली नाही, तोंड चालते तशीच लिहिणार. पण पहिल्या पानावर एक गोष्ट ठासून लिहितो. मी माझं सगळं माझ्या हातानं करतो. कोणाच्या जिवावर बसत नाही. शेत आता पोरगा दीपक पाहते, पण चहा-तंबाखूसाठी त्याच्यापुढं उभं राहाची पाळी माझ्यावर आली नाही, ती या पगारामुळं. तो बंद झाला तं या घरात मी फुकट खाणारा म्हातारा होईन. म्हणून कार्ड पाह्यजेच.

फेरतपासणी म्हणजे काय, तं माझी बोटं उगवली का ते पाहणं. पाहा म्हणा. बोटं हायेत, मुळे नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यातलं डॉक्टरायचं बोर्ड फक्त बुधवारी बसते. दीपक हरभऱ्याच्या पेरणीत, म्हणून दीपकची माय संगं निघाली. दीपकची माय म्हणजे माझी बायको, रुखमाबाई. मी म्हटलं, मी काय अंगणवाडीत आहे का, संगं माणूस कायले? सकाळी माझ्या शर्टाची बटनं लावता लावता ती म्हणे, "तुमच्यासाठी नाही, पिशवीसाठी येऊन राह्यली. कागद तुमी एस्टीत इसरसान." ठीक आहे म्हटलं, चाल.

एस्टीत खिडकीची जागा धरली अन् बुलढाणा येईपर्यंत बाहेर पाहत राह्यली. मी म्हटलं, काय पाहतं एवढं, तीच तं वावरं. ती म्हणे, "लोकायची हायेत. आपल्या वावरात गेलं की तण निंदा लागते. हे नुसतं पाहता येते."

दवाखान्यात ही लाइन. कोणी कुबडीवर, कोणी पोराच्या खांद्यावर, एक बाई कानानं ऐकत नाही तं तिच्यासंग हिनं हातवारे करून गप्पा हाणल्या. नंबर येईपर्यंत निम्मी लाइन हिची नातेवाईक झाली. जेवाची वेळ झाली तसा डबा सोडला. ठेचा, भाकर, वांग्याचं भरीत. माझी भाकर नेहमीसारखी कुस्करून पुढं ठेवली अन् जेवलो. मी जेवाले कोणाले त्रास देत नाही.

खिडकीवर गेलो तं बाबू म्हणे, जुनं प्रमाणपत्र ओरिजनल पाहिजे. पिशवी उलटी केली. आधार आहे, रेशनकार्ड आहे, बँकेचं पासबुक आहे, कोथिंबिरीची जुडी आहे. प्रमाणपत्र नाही. मी तिच्याकडं पाह्यलं. ती म्हणे, "अगं माय, फळीवरच राह्यलं वाटते." ज्या कामासाठी आलो तोच कागद नाही. म्हणे पिशवीसाठी येते.

येताना स्टँडवर तिनं भजे खाल्ले. मी रागात होतो, चहाच घेतला. मंग दोन भजे खाल्ले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज प्रमाणपत्र घेतलं. मी स्वतः तिच्या हातात देल्लं अन् पिशवीत टाकताना पाह्यलं. बाबू म्हणे, ठीक, आता रेशनकार्ड दाखवा. रेशनकार्ड नाही.

मी म्हटलं, अवं बाई, मागच्या बुधवारी तं होतं. ती म्हणे, "मागच्या बुधवारी होतं म्हणून तं आज काढून ठेवलं. हरवलं-बिरवलं तं." आता याले काय म्हणावं? ठेच्याचा डबा कधी इसरत नाही, ठेच्याले लागते तो कांदा इसरत नाही, कांद्याले लागते ते मीठ पुडीत बांधून आणते. कागद मात्र बरोबर तोच राह्यते जो पाह्यजे. वय झालं, दुसरं काय. दीपकले सांगतलं पाह्यजे, मायचं डोकं एकदा दाखवून घे.

प्रसेनजित आज संगं होता. त्याचं काम एका फटक्यात झालं. त्याले मी हिची तक्रार सांगतली तं तो हिच्याकडं पाहून हसला अन् म्हणे, "असू द्या काका, मावशीनं मुद्दाम थोडीच केलं." त्यानंच एक गोष्ट सांगतली. ज्याची गरज जास्त, त्याच्या नव्या कार्डावर 'सोबती आवश्यक' असं लिहून येते. मंग सोबतीच्या माणसाले बी त्याच्यासंग सवलत. मी म्हटलं, मले कायले पाह्यजे सोबती, मी काय आंधळा आहे? अन् बायायले तं एस्टीत आधीच अर्धं तिकीट. प्रसेनजित म्हणे, तिकिटाचं नाही काका, कार्डावर नाव लागते त्याचं. दीपकची माय दवाखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्याकडं पाहत होती.

काम झालंच नाही तं दिवस मोकळा पडला होता. ती म्हणे, "मले कोर्ट पाहाचं हाये." मी म्हटलं, कोर्टात काय पाहतं, आपला काय खटला आहे? ती म्हणे, "माया भावाची दीड एकर इथंच गेली. बारा वर्षं तारखा चालू होत्या. मायी माय रोज म्हणे, बुलढाण्याच्या कोर्टानं खाल्लं. ते कोर्ट कसं दिसते ते कधी पाह्यलंच नाही मी." मंग गेलो. ती फाटकाशी उभी राहून वर-खाली पाहत राह्यली. शेवटी म्हणे, "एवढंच हाये का? मले वाटलं लय मोठं असन." अन् जी हसली, तिथला वकील बी पाहाले लागला. मी म्हटलं, चाल, जप्ती होईन आपली.

लय दिवसायनं असं हसताना पाह्यली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दीपक म्हणे, "आबा, पेरणी झाली, पुढच्या बुधवारी मी नेतो गाडीवर. अर्ध्या दिवसात येऊ वापस. मायचे हाल कायले?" चांगला पोरगा आहे. पण तिनं पोळपाट आपटला. म्हणे, "तुले पाणी देणं हाये हरभऱ्याले. अन् थंडीचं गाडीवर त्यायले नेतं? बापाले सर्दी करतं?" मायसमोर दीपकचं आधीपासून काही चालत नाही.

तपासणीत काय काय करून पाहतात ते प्रसेनजितले विचारून आलो. पाण्याचा गिलास उचला, कंगवा फिरवा, नाकाले हात लावा, नाडा बांधा, शर्ट घाला. म्हणजे परीक्षाच झाली. आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीचे पोट्टे पहाटे पळतात, तशी मी बी तयारी सुरू केली. अंगठ्यात अन् करंगळीत गिलास धरतो, उचलतो. काचेचे दोन फुटले. सून डिंपल म्हणे, "आबा, स्टीलचा घ्या." ती बी आता पाहाले उभी राह्यते.

सरकारी माणसासमोर जाचं तं नीट जाचं. रडत-कुढत गेलेल्या माणसाले कोणी कागद देत नाही. हे माझ्या बापानं शिकवलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तूर पाहाले गेलो वावरात, वेळ झाली, एस्टी चुकली. दीपकची माय नवं लुगडं नेसून पायरीवर बसली होती. मी आलो तशी आत गेली अन् लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. एका एस्टीचं एवढं काय मनावर घेते कोण जाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज पिशवी मी माझ्याच खांद्याले अडकवली. कागद मीच भरले, सगळेच्या सगळे. ती म्हणे, "म्हंजे आज होऊनच जाईन काम?" म्हटलं, झालंच समज. ती बरं म्हणे अन् खिडकीपाशी बसली. आज वावरं सोडून माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडंच पाहत राह्यली.

आत मले एकट्यालेच घेतलं. तपासाले डॉक्टरीणबाई, दीपकपेक्षा लहान. म्हणाल्या, "काका, उजव्या हाताने ग्लास उचला." उचलला. पाणी बी प्यायलो. "नाकाला हात लावा." लावला. कंगवा फिरवला. नाडा देल्ला, तो दातात धरून बांधाले लागलो तं म्हणाल्या दात नको. मंग दाताशिवाय बांधला. घाम फुटला, मनगटातून कळ पार खांद्यात गेली, पण तोंडावर काही दिसू देल्लं नाही. त्या शर्ट काढून घाला म्हणाल्या तवा मी म्हटलं, "बाई, अंगात आहे तो पाहा ना. घातल्याशिवाय आला का?" त्या हसल्या. बाहेर लाइन होती, पुढचं विचारलं. निघताना म्हणाल्या, "कमाल आहे तुमची, काका. हाताचा फार छान वापर करता."

एकसष्टाव्या वर्षी परीक्षा पास होणं काही सोपं नाही. स्टँडवर पेढे घेतले. दीपकच्या मायले देल्ला, कंडक्टरले देल्ला, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाले बी देल्ला. हात अजून ठणकून राह्यला. ठणकू दे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रसेनजितनं मोबाइलवर निकाल पाह्यला. पस्तीस टक्के.

मी म्हटलं, पस्तीस म्हणजे पास ना? आमच्या मॅट्रिकले पस्तीसलेच पास करत. तो म्हणे, "काका, इथं चाळीस लागते. तुमी चांगलं करून दाखवलं म्हणून कमी झाले. पास झाले म्हणूनच नापास झाले तुमी." मी म्हटलं, मंग काय रडून दाखवू? तो म्हणे, "रडू नका. घरी जसं होते तसं करा." म्हटलं, घरी मी सगळं करतो. त्यानं माझ्या शर्टाकडं पाह्यलं, गळ्यापासून खालपर्यंत, अन् मंग कोण्या गिऱ्हाइकाचा मोबाइल खोलाले लागला. त्याले काय दिसलं कोणास ठाऊक, शर्ट तं धुतलेला होता.

घरी सांगतलं. दीपकची माय म्हणे, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गिलास उचलाची कोणी शर्यत लावली होती का तुमच्यासंग?" दीपक म्हणे, "जाऊ द्या आबा. मी देत जाईन ना तुमाले खर्चाले." चांगल्या मनानं म्हणाला पोरगा, पण मले ते झोंबलं. जेवण गेलं नाही.

दीपकची माय चुलीपाशी डोळे पुसत होती. मी म्हटलं, पगारासाठी रडू नको, काही तरी करू. ती म्हणे, "पगार गेला तं गेला. बुलढाणं बी गेलं ना." मी म्हटलं, बुलढाणं कुठं जाते, जिल्ह्याचं गाव आहे ते. ती म्हणे, "तुमाले सांगून काई उपयोग नाही." बायकायचं काही समजत नाही. घर जळून राह्यलं अन् ही म्हणते अंगणातली तुळस वाकडी झाली.

३ डिसेंबर, बुधवार

प्रसेनजित म्हणे हरकत घेता येते. अर्ज केला की पुन्हा तपासतात, या वेळी मोठे डॉक्टर असतात. तिघंही गेलो. दीपकची माय सकाळीच तयार, माझी बटनं लावताना गुणगुणत होती.

तं बोर्ड बंद. काऊन बंद? तं आज जागतिक दिव्यांग दिन. अपंगायचा दिवस असल्यामुळं अपंगायची तपासणी बंद. साहेब लोक सगळे मांडवात. अर्ज तेवढा खिडकीवर घेतला अन् पुढचा बुधवार देल्ला.

मी म्हटलं चाला वापस, पण मांडवात ऑर्केस्ट्रा सुरू झाला. पाच-सहा अंध पोट्टे, एक ढोलकीवर, काय वाजवत होता सांगू. दीपकच्या मायनं मले हाताले धरून खुर्चीवर बसवलं. मंग सत्कार सुरू झाले. बोलावलेल्यायपैकी दोघं आले नव्हते, तं एक कार्यकर्ता आमच्यात शोधत आला अन् माझा हात पाहून म्हणे, "चला काका, स्टेजवर." मी म्हटलं, "बापू, मी पस्तीस टक्के हाये. सरकारच्या हिशेबानं मी अपंग नाही." तो म्हणे, "ते नंतर पाहू, आधी चला." अन् नेलं ओढून. शाल टाकली, गुलाब देल्ला, माइकवरून सांगतलं, असे हे जिद्दी दिव्यांग बांधव. ज्या दवाखान्यानं मले धडधाकट ठरवलं त्याच्याच आवारात माझा अपंग म्हणून सत्कार. खाली प्रसेनजित पोट धरून हसत होता अन् दीपकची माय उभी राहून टाळ्या वाजवून राह्यली होती, लोकं बसले तरी ही उभीच.

शाल चांगली आहे, लोकरीची. एस्टीत तिनंच पांघरली.

७ डिसेंबर, रविवार

दीपकची माय कालपासून बीबी गावाले माहेरी गेली, भाचीचा साखरपुडा आहे. उद्या येईन. घर शांत आहे. बरं वाटते, कोणाची कटकट नाही.

काल अन् आज मी बनियनवरच आहे. थंडी आहे, पण मले असंच मोकळं आवडते. शर्ट घातला होता सकाळी. एक बटन लागलं, ते बी चुकीच्या काजात, मंग काढूनच टाकला. डिंपल म्हणे, "आबा, लावून देऊ का?" मी नको म्हटलं. सुनेकडून बटनं लावून घेईन का मी? एवढी काही वेळ आली नाही. त्या बटनायलेच काहीतरी झालं आहे, काज लहान शिवले वाटते टेलरनं.

भाकर बी आज कडक होती. एका हातानं मोडत नव्हती. डिंपलच्या भाकरी तिच्या सासूसारख्या नरम होत नाहीत, पण बोललो नाही. दूध-भात खाल्ला. दुपारी पारावर जायचं होतं, नाही गेलो. बनियनवर कसा जाऊ? दीपकची माय उद्या कोणत्या एस्टीनं येते ते विचारून ठेवलं पाह्यजे.

८ डिसेंबर, सोमवार

दुपारच्या एस्टीनं आली. मी स्टँडवरच होतो. सहज गेलो होतो, शाल पांघरून. ती म्हणे, "अवो, बनियनवर काऊन आले?" मी म्हटलं, उकडून राह्यलं होतं. तिनं तिथंच, स्टँडवर, पिशवी खाली ठेवली अन् शालीची गाठ मारून देल्ली. घरी आल्यावर आधी शर्ट काढला खुंटीवरचा. बटनं लागली सगळी, बिनबोभाट. टेलरचा काही दोष नव्हता म्हणायचा.

१० डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

मोठे डॉक्टर होते, पांढऱ्या केसायचे, अन् त्या डॉक्टरीणबाई बी होत्या बाजूले. प्रसेनजित बाहेर थांबला. मोठे डॉक्टर म्हणाले, "घरचं कोणी सोबत असेल तर आत येऊ द्या." दीपकची माय आत आली अन् दरवाजापाशी पदर सावरून उभी राह्यली.

मी गिलासकडं पाहतच होतो, पण त्यायनं गिलास दूर सारला. म्हणाले, "तो तुम्ही उचलता, लिहिलेलं आहे. आज शर्ट काढा आणि परत घाला. घाई नाही."

शर्ट काढाले ती पुढं आलीच, मले बी काही वाटलं नाही. मंग मी दोन्ही हात बाह्यायत घातले. अन् मी वळलो. डॉक्टरकडं पाठ झाली माझी. छाती तिच्याकडं केली अन् हनुवटी वर करून उभा राह्यलो, जसा रोज सकाळी राह्यतो. ती बटनं लावाले लागली. वरचं झालं, दुसरं झालं, अन् तिसऱ्याले मले उमजलं की खोलीत कोणीच बोलून नाही राह्यलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "हे रोज कोण करतं?"

मी तोंड उघडलं, 'मीच' म्हणासाठी. पण तिचे हात माझ्या छातीवर होते अन् तोंडातून खोटं निघेना. म्हटलं, "हीच करते, साहेब." ते म्हणाले, "जेवणाचं?" म्हटलं, "भाकर कुस्करून देते." "नाडा?" मी खाली पाह्यलं. म्हटलं, "ते बी. घाईच्या वेळी नाही होत मायानं. त्या दिवशी बाईसमोर बांधला तो मी दहा-बारा दिवस शिकून आलो होतो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "बाई, मलेच माहीत नव्हतं. आईची शपथ. मी समजत होतो मी सगळं माझ्या हातानं करतो."

खरंच समजत होतो. आज ही डायरी पहिल्या पानापासून वाचली तं पानोपानी तिचे हात आहेत अन् मी लिहून ठेवलं आहे की मी कोणाले त्रास देत नाही. लाज वाटली अन् हसू बी आलं. एवढी वर्षं एखाद्याले आपला हात वापराले द्याचा अन् एकदा बी बोलून नाही दाखवाचं, हे फक्त रुखमाले जमते.

मोठ्या डॉक्टरायनं मनगट मोजलं, बोटं पाह्यली, काय काय लिहिलं अन् म्हणाले, पंचावन्न. अन् खाली एक ओळ लिहिली, सोबती आवश्यक. मी हो म्हटलं. त्यायनं विचारलं बी नव्हतं.

बाहेर खिडकीवर बाबूनं सोबतीची माहिती भरली. रुखमाले म्हणे, "मावशी, तुमचं नाव सांगा." तिनं सांगतलं. "कोणाच्या सोबती? त्यांचं नाव?" ही गप. नवऱ्याचं नाव कसं घेईन ती? आजपावतो लग्नात घेतलं तेवढंच. बाबू म्हणे, "अहो सांगा ना, लाइन आहे." मी सांगाले गेलो तं प्रसेनजितनं मले मागं ओढलं अन् म्हणे, "घ्या मावशी, नाव घ्या. सरकारी काम हाये." मागून लाइनीतल्या एका कुबडीवाल्या बाईनं बी आवाज देल्ला, घ्या म्हणून. रुखमानं पदर तोंडाले लावला, खाली पाह्यलं अन् म्हणे,

"धाडच्या स्टँडवर एस्टीनं मारला ब्रेक,
भगवानरावांचे हात दोन, त्यातला माझा एक."

अशा टाळ्या पडल्या की आतून डॉक्टरीणबाई बाहेर पाहाले आल्या. बाबू म्हणे, "मावशी, नुसतं नाव पाहिजे होतं." ती म्हणे, "घेतलं ना मंग." मले रडू आलं. लपवाले गेलो नाही, लपवून काय फायदा झाला आजपर्यंत?

बाबूनं कागदावर शिक्का मारला. म्हणे, "झालं काका. कार्ड पोस्टानं घरी येईल. आता तुम्हाला बुलढाण्याला यायची काही गरज नाही."

मी रुखमाकडं पाह्यलं. आताच हसत होती, ते हसू पार उतरलं. ती पिशवीचे बंद आवळाले लागली, कागद सगळे जागेवर होते तरी.

मी म्हटलं, "पोस्टाचा काय भरवसा, साहेब? राहू द्या इथंच. आमी येतो न्यायले, पुढच्या बुधवारी."